उघडी ठेवलेली खांड

आमच्या गावात खांड गेली की भांडणं बंद, हा नियम कोणी घातला ते मला ठाऊक नाही. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. अलिबागच्या खारेपाटातलं आमचं गाव भरतीच्या पाण्यापेक्षा बुटकं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध, एवढ्यावर आमचा संसार. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि ते एकदा शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भाताचं नाव घ्यायला नको. म्हणून एरवी एकमेकांना कोर्टात खेचणारे चुलतभाऊसुद्धा खांड गेली की घमेलं घेऊन एकाच रांगेत येऊन उभे राहायचे.

रांग लावणारे म्हातारे फार वस्ताद होते. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही अशांना ते मुद्दाम शेजारी शेजारी उभं करत. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बोलनार न्हायत, मंजे काम व्हईल." आणि व्हायचं. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच हातून चिखलाचा गोळा घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा, असं दुपारभर चाललं की संध्याकाळी निदान "तंबाखू हाय का?" इतपत बोलणं सुरू होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडे, ते वेगळं.

भरतीओहोटीचं गणित आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो आणि भरदुपारी ओहोटी असते. खांड बांधायची ती भांगात. आधी मेढी, म्हणजे लाकडी खुंट, ठोकायच्या, त्यांना पेंढा गुंडाळायचा आणि दोन्ही बाजूंनी चिखल टाकत एकमेकांकडे सरकत यायचं. शेवटचं तोंड बांधताना चारपाच दणकट माणसं पाण्याला पाठ देऊन उभी राहत आणि त्यांच्या पायांशी बाकीच्यांनी माती ओतायची. मागच्या माणसाचा हात थांबला तर पुढचा वाहून जाणार, हे सगळ्यांना माहीत असे. आमच्या गावात विश्वास हा शब्द मी कधी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. त्याची गरजच पडत नसावी.

हाक मारायचा मान आमच्या घराकडे होता. आधी बाबा आणि मग माझा थोरला भाऊ. दादा तसा अबोल, पण बांधावर उभा राहून त्याने "खांड गेली रेऽऽ, चलाऽऽ" म्हटलं की पलीकडच्या आळीतल्या बायका तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून बाहेर येत. पुढे काही सांगावं लागत नसे. कोण कुठे उभा राहणार, पेंढा कुणाकडून येणार, कुणाच्या घरात पुरुष नाही म्हणून तिथून फक्त भाकऱ्या येणार, सगळं ठरलेलं. मी परकर खोचून पेंढ्याचे भारे पुढे सरकवायची आणि मधेच दादाकडे बघायची. कमरेएवढ्या पाण्यात तो उभा असे आणि मला वाटे, साऱ्या जगाला एवढा भाऊ पुरेल.

लग्न होऊन मी मुरुडला आले. सासर चांगलं, माणसं चांगली, नारळ-सुपारीची वाडी, भर वैशाखातही अंगावर सावली. शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. तक्रारीला जागा नाही, आणि तक्रार करायचा माझा स्वभाव असला तरी ह्या बाबतीत मी ती करत नाही. एकच गोष्ट इतक्या वर्षांत जिरली नाही. वाडीत प्रत्येकाचा आपापला पंप, आपापलं कुंपण. कोणी कोणाला हाक मारत नाही. वादळात पोफळी आडव्या झाल्या तेव्हाही प्रत्येकाने आपापल्या उचलल्या. त्या दिवशी मला माहेरची फार आठवण आली.

त्याच वादळाने माहेरी खांड गेली होती. वहिनीचा फोन आला. मी म्हटलं, "भांग कधीचा आहे? मी येते, भाकऱ्यांना हात लावीन." वहिनी म्हणाली, "येऊ नका वन्स. बांधीत न्हायत."

"बांधत नाहीत म्हणजे?"

"तुमच्या भावाला विचारा."

दादाने फोन घेतला. त्याचा आवाज कधी नव्हे एवढा उत्साही होता. म्हणाला, "बाय, सायेब येतायत. येऊन बघून जाईस्तवर कोनी हात लावायचा न्हाय, असं ठरवलंय." लोक घमेली घेऊन बांधावर जमले होते आणि त्यानेच त्यांना परत पाठवलं होतं. बांधून टाकली तर साहेब बघणार काय, असा त्याचा सवाल होता. बिनतोड होता. मी फोन ठेवला.

हे साहेब पलीकडच्याच गावचे. तेव्हा राजकारणात नुकते पुढे येत होते. त्यांचं भाषण मी दुसऱ्या वर्षी ऐकलं आणि खरं सांगते, मलाही आवडलं. आवडण्यासारखंच होतं. ते म्हणाले, हा बांध सरकारने ताब्यात घेतला तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं? खाडीतून कारखान्याच्या बार्जेस जातात, त्यांच्या लाटांनी बांध खालून पोखरतो, हे कोणाला दिसत नाही? मुंबईला बोटीने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जेटीवर दिवे लागतात आणि तुमच्या ताटातला भात जातो. तुमच्यावर अन्याय झालाय. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. बार्जेस मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. सरकारी माणसाने बांधावर येऊन, नाकाला रुमाल लावून, "बघू" म्हटलेलंही मी ऐकलं होतं. त्या मांडवात बसून पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने आपलं दुःख वाचून दाखवतंय असं वाटलं, आणि माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली तशी मीही पुसले.

मग साहेब थांबले आणि म्हणाले, "मी आहे ना."

त्या "मी आहे ना"ने घात केला. तोवर आमच्याकडे "आपण आहोत ना" असंसुद्धा कोणी म्हणत नसे. असायचोच.

खांड तशीच राहिली. साहेब बघून गेले, मग साहेब पत्रकार घेऊन आले, मग विरोधातले आणि सत्तेतले आणखी कोणी कोणी आले. खांडीपर्यंत गाड्या जाव्यात म्हणून शेताच्या कडेने मुरमाचा रस्ता झाला. आमची वहिनी शाळेत फारशी गेलेली नाही, पण जिभेला धार आहे. रस्त्यावर मुरूम ओतताना बघून ती म्हणाली, "येवढा मुरूम खांडीत टाकला असता तर रस्ता क्याला लागला असता?" दादा तिच्यावर खेकसला. म्हणाला, ही खांड आता आपल्या घरची राहिली नाही, हा पुरावा आहे. बांधून टाकली तर केस कमजोर होईल. "केस" हा शब्द दादाच्या तोंडी मला परका वाटला. मी त्याला चिडवलं, "वकील कधी झालास रे?" तो हसला नाही. पूर्वी माझ्या पाणचट विनोदालाही हसायचा.

उधाणाच्या प्रत्येक भरतीने खांड रुंद होत गेली. पहिल्या वर्षी ती उडी मारून ओलांडता येत होती, पुढे पुढे पलीकडच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागू लागलं. खांडीच्या तोंडाशीच दादाचं शेत. जाडा लाल भात व्हायचा त्यात. त्याची पेज मुरुडला डब्यातून यायची आणि माझी मुलं भांडून प्यायची. त्या शेतात आता चिखल, आणि चिखलात निवटे. हे टुणटुण उड्या मारणारे मासे चवीला चांगले लागतात, पण ज्या बांधावर बसून दादा लोंब्या चोळून बघायचा, तिथेच तो निवटे पकडायला बसलेला पाहिला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. घरात विकतचा तांदूळ आला. पहिलं पोतं आलं तेव्हा वहिनीने ते कोणी बघू नये म्हणून मागच्या दाराने आत घेतलं.

त्याहून मोठी धास्ती तिवरांची होती. खाऱ्या चिखलात तिवरांची रोपं आपोआप येतात. ती लहान आहेत तोवर शेत शेत असतं. एकदा ती वाढून जंगल झालं की कायद्याने त्यांना हात लावता येत नाही, मग बांध बांधा नाहीतर सोन्याची भिंत उभारा, तिथे पुन्हा नांगर जाणार नाही. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तिवरं लाटा अडवतात हे मी वर्गात शिकवलेलं आहे. पण दादाच्या शेतात ती गुडघ्याएवढी झाली होती. आणखी एकदोन पावसाळे, मग माझ्या वडिलांचं शेत हे वडिलांचं शेत राहणार नव्हतं. हे दादाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी तो थांबला होता.

मधल्या काळात साहेबांवरच अन्याय झाला. त्यांना तिकीट नाकारलं. ती बातमी आली त्या दिवशी दादा जेवला नाही आणि घरात चूल पेटवू दिली नाही. मी नेमकी तिथे होते, उपाशी. वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शेत बुडालं त्या रोजी चूल पेटली व्हती." मला हसू आवरेना, आणि दादाने ते पाहिलं. मग तो जे बोलला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांनी आमच्यासाठी एवढं सोसलं, आता आपण त्यांना सोडायचं का, असं तो मलाच विचारत होता. म्हणजे तारणाऱ्यालाच तारायची पाळी आमच्यावर आली होती. साहेबांनी आमची खांड बांधायची बाजूलाच राहिली, त्यांच्या छातीत पडलेली खांड बुजवायला आमचा दादा निघाला होता. गावातल्या लोकांनी उपोषण केलं, रस्ता अडवला, दादा दोन रात्री पोलीस ठाण्यात बसून आला. आल्यावर त्याचा चेहरा इतका तजेलदार होता की मला हेवा वाटला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला खूप दिवसांनी कोणीतरी उभं राहायला जागा दिली होती, असं मला तेव्हा वाटलं. रागही आला आणि त्याची कीवही आली.

आमचं भांडण झालं ते त्यानंतर. मी म्हटलं, "तुमच्या साहेबांचं रडगाणं पुरे झालं. येत्या भांगाला हाक मार. अजून माणसं आहेत." तो म्हणाला, "तू वाडीतली. तुजा काय बुडालाय?" मी पिशवी उचलली आणि सरळ एसटी स्टँड गाठला. गाडीत रेवदंड्यापर्यंत रडले. माझं काय बुडालं होतं ते त्याला सांगायला शब्दच नव्हते. मला कुठल्याही जमिनीचा तुकडा नको होता. चिखलाने माखलेली, एकमेकांवर वैतागलेली, घाईत असलेली ती माणसं एका रांगेत मला पुन्हा बघायची होती. आपला कोणीतरी तारणहार येणार आहे असं कुणाच्याच चेहऱ्यावर नसायचं, त्या दिवसांतली.

पुढे वारं फिरलं. साहेब दुसऱ्या बाजूला गेले आणि सत्तेत बसले. दादाला वाटलं, आता झालंच. गावात गुलाल उडाला. ह्या वर्षी होळी झाल्यावर साहेब खांडीवर आले, स्टेज दादाच्याच शेताच्या कडेला होतं. सत्तेत बसूनही त्यांनी भाषण तेच केलं, फक्त अन्याय करणारे बदलले. हात बांधलेले आहेत म्हणाले. ही खांड माझ्या काळजाला पडलेली खांड आहे म्हणाले. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर दादा नारळ घेऊन पुढे गेला आणि त्याने विचारलं, "सायेब, आता आपलंच राज्य. वैशाखात भांग हाय. गावानं बांधायला घेऊ का? तुमी फकस्त मशीन द्या."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे मला वहिनीने सांगितलं, ती मागेच उभी होती. साहेब अगदी मायेने म्हणाले, "दादा, थोडं थांबा. निवडणुकीपर्यंत राहू दे ही. ही खांड हीच आपली ताकद आहे."

त्या दिवसापासून दादा बोलायचा बंद झाला. आधीच अबोल, त्यात हे. महिन्याभराने वहिनीचा फोन आला, "वन्स, या तुमी. तुमचा भाऊ शेताच्या कडेला जाऊन बसतो, जेवायला हाक मारली तरी वळून बघत न्हाय." मी जुनं भांडण मुरुडलाच ठेवलं आणि निघाले.

पोचले तेव्हा तो ओटीवर फावड्याला दांडा बसवत होता. मला बघून म्हणाला, "आलीस? बरा झाला. उद्या अष्टमी." एवढंच. मी वहिनीकडे पाहिलं, तिने डोळे मोठे केले. रात्री तिने तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ जास्त काढून ठेवलं, मला काही न सांगता. मला आनंदाने झोप लागेना. ह्या वयात असं उत्सुक व्हायचं म्हणजे हसू येण्यासारखंच आहे, पण मी उत्सुक होते.

सकाळी उन्हं वर यायच्या आत दादा बांधावर गेला. मागोमाग आम्ही दोघी. पाणी उतरायला लागलं होतं. खांडीच्या दोन्ही अंगांची माती भरतीने चाटून गुळगुळीत केली होती आणि पलीकडे दादाच्या शेतात तिवरांची हिरवी पानं उन्हात चमकत होती. दादाने हातांची ओंजळ तोंडाशी धरली. किती वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. म्हातारा झाला होता, मधेच चिरकलाही, पण दादाचाच होता.

"खांड गेली रेऽऽ, चलाऽऽ"

दारं उघडली. माझा जीव भांड्यात पडला. अर्ध्या तासाने का होईना, माणसं निघाली! ह्या आळीतून, त्या आळीतून, मुरमाच्या रस्त्याने, काही मोटारसायकलवर. मी वहिनीचा हात घट्ट धरला. जवळ आली तशी मला ती नीट दिसायला लागली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. पुरुषांच्या गळ्यात साहेबांच्या पक्षाची उपरणी होती. पुढच्या पोरांच्या हातात मोबाइल होते आणि एकाच्या खांद्यावर गुंडाळलेला बॅनर. घमेलं कोणाच्याही हातात नव्हतं.

पहिला जो पोचला त्याने विचारलं, "सायेब कुठवर आले?"

दादा म्हणाला, "सायेब येनार न्हायत."

"मंग मंत्री येतायत?"

"कोनी येनार न्हाय. आपुन बांधायची."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणी चिडलं नाही, कोणी वाईटसाईट बोललं नाही. आमच्या शेतालगत ज्यांचं शेत आहे ते गृहस्थ पुढे आले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, तूच बोललास ना, हात लावायचा न्हाय म्हनून? एवढी वर्सं ठेवली, आता बांधली तर दाखवनार काय?" बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. ज्यांच्याशी दादाचं कधी पटलं नाही असेही त्यात होते, आणि तेही दादाचीच वाक्यं दादाला ऐकवत होते.

दादा खांडीत उतरला. वहिनी उतरली. मीही पदर खोचून उतरले, आणि गुडघा वाकेना म्हणून वहिनीने मला हात दिला. वरून दोघेतिघे म्हातारे घरी गेले आणि घमेली घेऊन परत आले. त्यांच्या सुना मागून ओरडत होत्या, उन्हात जाऊ नका म्हणून. आम्ही मेढी ठोकल्या, पेंढा लावला, चिखल टाकायला लागलो. बांधावर बसलेल्यांना आमचं वाईट वाटत होतं. एकीने पाण्याचा तांब्या आणून दिला. एक पोरगा बराच वेळ चित्रण करत होता. मी शाळेतल्या आवाजात त्याला म्हटलं, "ते खिशात घाल आणि हे घमेलं धर." तो लाजून हसला आणि मागे सरकला. साहेबांच्या माणसांना फोन लावणं मात्र चालू होतं, कारण इतके लोक जमलेत आणि कोणीच येणार नाही, हे काही केल्या त्यांना पटत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा आमची माती माझ्या गुडघ्याएवढी आली होती. खांड बांधायला माणसं लागतात. पाणी फिरलं. भांगाचंच पाणी, जोर नसलेलं. ते आलं, मातीला लागलं, थोडा वेळ थांबल्यासारखं केलं आणि मधून वाट काढून आत गेलं. म्हातारे घमेली धुऊन निघून गेले.

आम्ही तिघं बांधावर येऊन बसलो. दादाचा फोन वाजला. त्याचे हात चिखलाचे, म्हणून वहिनीने तो त्याच्या कानाला लावला, आणि आवाज मोठा असल्यामुळे मला ऐकू आलं. साहेबांचा माणूस होता. म्हणत होता, "वा दादा, काय आंदोलन केलंत! ग्रुपवर व्हिडिओ बघितला साहेबांनी. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. असंच चालू ठेवा." दादाने मान हलवली, जणू तो माणूस समोरच होता, आणि वहिनीने फोन बंद केला.

दादा म्हणाला, "बाय, ह्यानला असं बसायला मीच शिकवला."

इतकी वर्षं मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. त्यासाठी मी भांडले होते, रुसले होते, मनातल्या मनात त्याच्यापुढे कितीतरी भाषणं केली होती. आता तो बोलला आणि मला वाटलं, नको. चूक माझीच ठरू दे, साहेब येऊ देत, मशीन येऊ दे, मंत्री येऊ दे, पण ह्या माणसाचा आवाज असा होऊ नये. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चिखल वाळून पाठीला तडे गेले होते.

"खांड गेली, चला, असं बोललो तर हे येऊन बसले," तो म्हणाला. "बाबांपासून तोच शब्द हाय. मंग आता ह्यानला बोलवायचा तर कनच्या शब्दानं बोलवू?"

मी जन्मभर शाळेत शिकवलं. पोरांकडून समानार्थी शब्द पाठ करून घेतले. वहिनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधायला लागली. पाणी तिवरांच्या बुंध्यांशी पोचलं होतं आणि बांधावर माणसं अजून बसून होती, रस्त्याकडे तोंड करून.